जिका शोभतीत तिका

भिकूमामाला लग्न नाही, संसार नाही, आणि बाजारहाटाची अक्कल तर मुळीच नाही. बोटीवरून सुट्टीला येताना दोन भाच्यांसाठी त्याने आणलं काय, तर बुटांचा एकच जोड. बरं, बूट तरी साधे असावेत. घोट्याच्या वर वीतभर चढणारे, कुशीला पितळी चेन, टाचेला बेताची उंची आणि रंग पिकलेल्या रातांब्याच्या, म्हणजे कोकमाच्या, सालीचा. हँबुर्गच्या दुकानात काचेआड दिसले, आवडले, घेतले. मामाचा हिशेब एवढाच.

जानकीच्या आईने कपाळाला हात लावला. "रे भिकाजी, चेडवां दोन आणि बूट एकच जोड? एकेकीन एकेका पायात घालूचो काय?"

मामा बशीतला चहा फुंकत म्हणाला, "त्यात काय कठीण आसा? जिका शोभतीत तिका देवा."

आणि चार दिवस मासे खाऊन, झोपा काढून तो परत बोटीवर गेला. निवाडा करायला मागे राहिली आई.

एक भाची जानकी. आचऱ्याच्या अलीकडच्या वाडीतली, दहावीतली. दुसरी मावशीची सुनीती, कणकवलीला कॉलेजात जाणारी. सुनीतीला बूट शोभणार यात कुणाला शंका नव्हती. तिचे केस खांद्यापर्यंत कापलेले होते, ती 'स्टाईल' हा शब्द असा उच्चारायची की ऐकणाऱ्याने आपल्या केसांवरून हात फिरवावा, आणि तिच्या दारापर्यंत डांबरी रस्ता होता. जानकीला शोभतील की नाही, हे मात्र खुद्द जानकीलाही ठाऊक नव्हतं. गंमत म्हणजे तिचं तेच म्हणणं होतं.

"माका ठाऊकच नाय, तर मी सांगू काय?" ती आईला म्हणाली. "शोभतत म्हणून सांगलंय तर खोटां, शोभणत नाय म्हणून सांगलंय तरी खोटां. आधी माका बघूक व्हयां."

गेल्या वर्षापर्यंत हीच जानकी असं काही बोलली नसती. ती ताडमाड वाढली होती आणि त्या उंचीची तिला इतकी लाज वाटायची की खांदे पाडून, नजर पायांच्या अंगठ्यावर ठेवून चालायची. या वर्षी शाळेच्या कबड्डी संघात बाईंनी तिला चढाईला पाठवलं, आणि आपल्या लांब पायांनी समोरच्यांची अर्धी फळी बाद करून ती परत आली, तेव्हापासून काहीतरी फिरलं. खांदे वर आले. आवाज वर आला. आता आई दिवसातून निदान एकदा म्हणायची, "आधीचां चेडू बरां होतां गो माझां."

तर, बघायला हवं होतं. आणि बघण्याची सोयच नव्हती.

घरात एक आरसा. बाबांचा दाढीचा, पडवीच्या खांबाला खिळ्यावर अडकवलेला. त्यात जानकीचा चेहरा मावायचा, तोही कान सोडून. आरसा काढून जमिनीवर टेकवला तर बूट दिसायचे, पण त्यांच्यावर जानकी नसायची. मालवणच्या चपलांच्या दुकानात तिने तोच प्रकार पाहिला होता. तिथे आरसा तिरका, जमिनीलगत. गुडघ्याखाली तुम्ही, गुडघ्यावर तुमचं नशीब. विहिरीत वाकलं तर डोकं आणि दोन वेण्या. एस.टी.च्या काचेत डोक्यापासून कमरेपर्यंत, आणि तेही आतल्या माणसांच्या तोंडांवर चिकटवल्यासारखं. सगळ्या मुलखात जानकी अशी तुकड्यातुकड्यांनी विखुरली होती. अख्खी कुठेच नव्हती.

त्यातून आईने दोन अटी घातल्या. पहिली अट सांगायचीही गरज नव्हती: पायताण घालून उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. चामड्याचे बूट आणि आत देवघर. दुसरी अट कडक होती.

"बुटांचे तळवे जमिनीक लागूक व्हयेत नाय. सुनीतीक देवचे झाले तर कोरे देवक व्हयेत. उष्टे बूट देवन मी बहिणीकडे तोंड दाखवचंय नाय."

म्हणजे घरात घालायचे नाहीत ते बूट आहेत म्हणून, आणि बाहेर घालायचे नाहीत ते नवे आहेत म्हणून. जानकीने त्यावर तोड काढली. खळ्यात, घरापुढच्या अंगणात, हातरी म्हणजे चटई अंथरायची, हातरीवर बसून बूट चढवायचे, हातरीवर उभं राहायचं आणि हातरीवरच काढायचे. शाळेतून आली की दप्तर टाकून ती हेच करी. शेजारची काशीकाकी कुंपणापलीकडून बघायची आणि म्हणायची, "काय गो, हातरेवर उबी ऱ्हवान खंय चल्लंस, हँबुर्गाक?"

हीच काशीकाकी जानकीची आशा होती. तिचा नवरा मुंबईत नोकरीला. त्याने दोन वर्षांमागे तिला लोखंडी कपाट पाठवलं होतं, आणि त्या कपाटाच्या एका दाराला आरसा होता. वरपासून जवळजवळ खालपर्यंत. वाडीत दुसरा तसा नाही. पण कपाट माजघरात, देवघराला लागून. लग्नाला निघालेल्या बायका तिथे पदर बघायला जात, आणि त्या अर्थातच अनवाणी जात.

शुक्रवारी जानकी बूट पिशवीत घालून तिच्याकडे गेली.

"काकी, ह्या बुटांका अजून जमीन लागूक नाय."

"मगे?"

"मगे ते पायताण कशे झाले? पायताण म्हणजे जमिनीवरसून फिराचां. हे अजून कशावर फिराकच नायत. हे नुसती चामड्याची वस्तू. तुमच्या घरात पाकीट नाय? पट्टो नाय?"

काशीकाकी तांदूळ निवडत होती. तिने हात न थांबवता विचार केला. "बरोबर बोलतंस," ती म्हणाली, "पण तू ते पायात घालतलंस ना?"

"आरशासमोर. वायंच, क्षणभर."

"म्हणजे पायात घातल्यार तां पायताण."

"पण जमिनीक..."

"जानक्ये, पट्टो पायात घालून माझ्या देवासमोर कोण आयलां तर मी पट्ट्याकय भायर काढीन."

यापुढे युक्तिवाद चालण्यासारखा नव्हता. जानकी पिशवी घेऊन घरी आली. रविवारी सुनीती येणार होती.

सुनीती कसालला गाडी बदलून सकाळच्या एस.टी.ने आली. आल्या आल्या हातपाय धुतले, घावन खाल्ले, मावशीच्या तब्येतीची चौकशी केली आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं म्हणाली, "ते बूट बघूया तरी."

हातरी अंथरली गेली. सुनीतीने चेन ओढली, पाऊल आत सरकवलं, चेन लावली. तिने बूट नाही घातले, बूटच तिच्या पायात येऊन बसले म्हणा ना. तिने आकाशी रंगाचा मॅक्सी घातला होता. तो दोन बोटांनी वर धरून ती जराशी वळली. आईचा चेहरा जानकीने पाहिला. आईला पटलं होतं.

"तुका लहान झाल्यासारखे दिसतत नाय?" जानकीने आशेने विचारलं.

"फिट आसत," सुनीती म्हणाली. "हे बघ जानू, वाईट वाटून घेव नको. पण तू घालतलंस खंय? रस्त्यार वाळू, घराकडे चढ, शाळेत पांढरे कॅनव्हास. परकरार बूट कोण घालता? आमच्याकडे कॉलेजात मुली असल्या वस्तूक जीव टाकतत."

आई जानकीकडे वळली. ती न्यायाने वागणारी बाई होती, आणि तेच जानकीला जास्त लागलं. "सांग गो तू. मामा बोल्लो जिका शोभतीत तिका. तुका काय वाटता?"

"मी बघूकच नाय अजून."

"आता आणि काय बघूचां?" सुनीती हसली. "स्टाईल आतसून येता. आरसो लागणा नाय तिका."

"तुमच्याकडे कपाटाक आरसो आसा म्हणून असां बोलतंस," जानकी म्हणाली.

सुनीतीने उगाच बुटाची चेन वरखाली केली, कारण तिच्याकडे खरोखरच होता.

आणि मग बोलता बोलता जानकीची नजर कुंपणापलीकडे गेली. काशीकाकीचं घर बसकं, जोतं नावापुरतं. पुढचं दार उघडं, पडवीपलीकडे माजघराचं दार उघडं, आणि दोन्ही दारं एका ओळीत, एकातून दुसरं दिसावं अशी. आत काळोख. त्या काळोखात कपाटाची कड तेवढी दिसत होती, कारण कपाट बाजूच्या भिंतीला पाठ लावून, दाराकडे कूस करून उभं होतं. आरशाचं दार दर्शनी, अलीकडच्या अंगाच्या बिजागऱ्यांवर फिरणारं.

विज्ञानाच्या तासाला गुरुजींनी फळ्यावर आरसा आणि बाण काढले होते, तेव्हा जानकी खिडकीतून कबड्डीचं मैदान बघत होती. पण त्यातलं एक वाक्य कुठूनतरी कानात शिरून बसलं होतं: आरशापासून तुम्ही जितके लांब, तितकेच लांब तुम्ही आत. लांबून बघायला आरशाची हरकत नसते.

"आये," ती हळूच म्हणाली, "बूट घरात जावक नाय, पण नजर जावक काय हरकत आसा?"

आईला काही कळलं नाही. जानकी मात्र अनवाणीच कुंपण ओलांडून पलीकडे पोचली होती.

"काकी, बूट भायरच ऱ्हवतले. तुमच्या खळ्यात, हातरेर. तुमी फक्त कपाटाचां दार उघडूचां. आरशाचां. पूर्ण नाय, काटकोनात."

काशीकाकीने हातातली जळणाची चूड खाली ठेवली. कपाट उघडणं ही तिच्या घरात खाजगी गोष्ट होती. ती किल्ली कमरेला असायची, आणि कपाटात काय आहे याबद्दल वाडीत जितकी तोंडं तितक्या कथा होत्या. "म्हणजे माझां कपाट उघडां टाकूचां आणि तुमी सगळ्यांनी भायरसून बघूचां?"

"बघूक मिळतलां खंय? दार उघडून उबां केलां की तां पडद्यासारखां आडवां येतलां. भायरसून आरसो दिसात. कपाट त्येच्या पाठी."

काशीकाकीने मान वाकडी करून दार, कपाट आणि खळं यांच्यावरून नजर फिरवली. मग ती आत गेली, किल्ली वाजली, दार करकरलं. ती बाहेर येऊन खळ्यात उभी राहिली आणि पुन्हा आत डोकावून बघितलं. कपाटातलं चिरगूटही दिसत नव्हतं. आतल्या काळोखात उजेडाची एक उभी पट्टी होती, आणि त्या पट्टीत काशीकाकी उभी होती. लुगडं, कुंकू, मातीने भरलेली पावलं, सगळं एकदम.

"अगो बाय," ती म्हणाली, आणि नकळत पदर सारखा केला. "ही इतकी काळी झालंय मी?"

"काकी, बाजूक व्हा."

हातरी आणली, योग्य जागी सरकवली. पाहुणी म्हणून पहिला मान सुनीतीचा. ती पुन्हा बूट चढवून हातरीवर उभी राहिली, एक पाय किंचित पुढे, हात कमरेवर, मान तिरपी. जानकीने तिच्या खांद्यावरून आरशात पाहिलं. सुनीती छान दिसत होती. मासिकाच्या मुखपृष्ठावरची मुलगी दिसते तशी. खोट काढायला जागा नव्हती, आणि खोट काढण्यासाठी खोटं बोलणं जानकीला जमलं नसतं.

"बरी दिसतंस," ती म्हणाली.

"बघलंस?" सुनीतीने चेन उघडून बूट काढले. "घे, तुझां समाधान कर."

जानकी हातरीवर बसली. जांभळा परकर, बाबांच्या जुन्या शर्टाचं केलेलं पोलकं, दोन वेण्या. बूट चढवले आणि उभी राहिली. सुनीतीसारखाच एक पाय पुढे ठेवला, हात कमरेवर ठेवला, मान तिरपी केली.

आरशातली मुलगी भयंकर दिसत होती. कुणीतरी माडाला परकर नेसवून बुडाशी दोन कोकमं ठेवली आहेत असं. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नव्हतं, मान का वाकडी आहे ते तिला माहीत नव्हतं. काशीकाकीने खोकल्यासारखं करून हसू गिळलं. आईने नजर दुसरीकडे वळवली, आणि त्यातच निवाडा होता.

जानकीचे खांदे खाली यायला लागले. तिने ते आरशात पाहिलं. आयुष्यात पहिल्यांदाच, अगदी समोरून, आपले खांदे कसे पडतात ते तिने पाहिलं, आणि तिला राग आला. ही मुलगी तिच्या ओळखीची नव्हती. गेल्या वर्षीची कुणीतरी होती. आणि ही अशी ठोकळ्यासारखी उभी कशाला राहिली होती? जानकी कधी उभी राहते? शाळेत हालल्याबद्दल छड्या खाल्ल्या, देवळात आरती संपेपर्यंत पाय स्थिर राहत नाहीत, रांगेत ती नेहमी जागच्या जागी डुलते. उभं राहणं हे सुनीतीचं काम. सुनीतीला उभं राहता येतं, सुंदर येतं. जानकीला चालता येतं.

पण चालायचं तर हातरी संपत होती.

तिने हातरीच्या काठाकडे बघितलं. पलीकडे तांबडी माती, कुंपणाच्या बेड्यापर्यंत, म्हणजे फाटकापर्यंत, सरळ गेलेली. एकदा तळवा तिथे टेकला की बूट कोरे राहणार नाहीत, मग ते सुनीतीचेही होणार नाहीत आणि शोभले नाहीत तर जानकीचेही नाहीत. माळ्यावर पडतील, बुरशी धरतील, आणि आई हे जन्मभर ऐकवत राहील.

"जानक्ये," आईने ओळखलं, "हातरेवरसून उतरू नको हां."

"आये, उभां ऱ्हवान माका दिसणाच नाय काय तां."

"जमिनीक लागतले."

"लागूंदेत."

आणि ती उतरली. आरशाकडे पाठ करून तडक बेड्यापर्यंत गेली. टाचा मातीत रुतून सुटताना एक दमदार आवाज येत होता, आणि त्या आवाजाने तिची पाठ आपोआप ताठ झाली. मागून आई काहीतरी म्हणाली. सुनीती काहीतरी म्हणाली. बेड्याशी जाऊन ती वळली, परकर दोन्ही हातांनी जरासा उचलून एका बाजूला खोचला, कबड्डीला खोचतात तसा, आणि चालू लागली.

आतल्या काळोखात, दूर, उजेडाच्या त्या पट्टीत एक मुलगी येत होती.

लांबून येत होती. उंच होती, आणि तिला ते ठाऊक होतं. हात मोकळे हलत होते, वेण्या खांद्यावर उड्या मारत होत्या, आणि पायांतले लालकाळे बूट असे पडत होते की जणू रस्ता तिच्यासाठीच तिथे ठेवलाय. माणसाला आपला चेहरा रोज दिसतो, हात दिसतात, पाय दिसतात. आपण येताना कसे दिसतो ते मात्र वाडीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असतं, आपल्याला सोडून. जानकी स्वतःला येताना पाहत होती. ती कुणी परकी असती तर जानकीने हातातलं काम टाकून विचारलं असतं, कोण गो ही?

ती दाराच्या अलीकडे थांबली. उंबऱ्यापासून दोन हात. धाप लागली होती, चालण्याने नव्हे.

"माका शोभतत," ती म्हणाली. आवाज चढवला नाही. चढवायची गरज नव्हती.

मग काशीकाकी म्हणाली, "शोभतत गो. पण उबी ऱ्हव नको. उबी ऱ्हवलंस तर बुजगावणां दिसतंस."

"ठाऊक आसा."

आईने बुटांकडे पाहिलं. रातांब्याच्या रंगावर तांबडी धूळ बसली होती. तिने बहिणीला काय सांगायचं याचा विचार केला असावा, कारण ती सुनीतीकडे वळली. "बाय, तुका वाईट नाय ना वाटाचां? तुकाय बरे दिसले होते."

सुनीती वाईट वाटण्याच्या बेतात होती. ओठ आत घेतले होते. पण ती स्टाईल जाणणारी मुलगी होती, आणि जाणणाऱ्याला डोळे मिटता येत नाहीत. "माका बरेच दिसले," ती म्हणाली, "माका सगळांच बरां दिसता, मावशी. तां माझां नशीब. पण ह्येका..." तिने जानकीकडे हात केला, "परकर खोचून बूट, असां मी खंयच बघूक नाय. कणकवलीत घालून येशीत तर पोरी बघत ऱ्हवतीत."

"येतंय ना. गाडयेचां भाडां तू दी."

"आणि तां पोलकां बदल गो. तां मात्र कोणाकच शोभणा नाय."

"बाबांच्या शर्टाचां आसा."

"तां दिसताच."

काशीकाकी आता व्हाणा शोधत होती. कपाट उघडलंच आहे तर वायंच चलान बघतंय, असं कुणाला उद्देशून न म्हणता ती बेड्याकडे निघाली. जाताना तिने सुनीतीला ताकीद दिली की दाराकडे लक्ष ठेव, वाऱ्याने फिरून कपाट दिसायला लागलं तर आधी हाक मार. तीही बेड्यापासून चालत आली. एकदा आली, दुसऱ्यांदा जरा जोरात आली. मग आईला म्हणाली, "तूय बघ. फुकट आसा." आई नको नको म्हणत बेड्यापर्यंत गेली. येताना तिचं लक्ष पदराकडे होतं, चालण्याकडे नव्हतं, म्हणून तिला परत पाठवण्यात आलं.

दुपारी जेवण झालं. बांगड्याचं तिखलं होतं. संध्याकाळच्या गाडीवर जानकी सुनीतीला पोचवायला निघाली, बूट घालून. वाळू होती, चढ होता, सुनीतीने सांगितलेलं सगळं होतं. वाळूत टाच रुतली की जानकी ती उपटून पुढे टाकायची. घाम आला, पण पाय थांबले नाहीत. एस.टी.च्या थांब्याजवळ परशुरामाचं दुकान. तो फळीवर बसून बिड्या बांधत होता. त्याने बूट बघितले, मग परकर बघितला, मग पुन्हा बूट.

"काय गो जानक्ये, रेडीच्या खाणीर कामाक लागलंस?"

दुकानापुढे बसलेले दोघेतिघे हसले. गेल्या वर्षीची जानकी इथे मान खाली घालून सुनीतीच्या मागे लपली असती. आताची थांबली.

"व्हय," ती म्हणाली. "मुकादम म्हणून. तुमका कामार घेवचां आसात तर सांगा, पण बिड्या वडूक मिळाच्यो नाय."

आता हसणं परशुरामावर उलटलं. तोही हसला. "कोणाचे गो बूट?"

"माझे."

"कोणी आणले?"

"मामान आणले. पण माझे."

गाडी आली. सुनीती खिडकीपाशी बसली आणि बाहेर वाकून म्हणाली, "चलान दाखव पुन्हा एकदा. गाडी सुटापर्यंत."

"उबां ऱ्हवाचां नाय म्हणून सांगलां ना काकीन," जानकी म्हणाली आणि निघाली. तिने मागे वळून बघितलं नाही. सुनीती बघत होती हे तिला ठाऊक होतं. गाडी गुरगुरली, तिला मागे टाकून धूळ उडवत गेली, आणि खिडकीतून सुनीतीचा हात वळणापर्यंत हलत राहिला.

घरी जायला माडांतून पायवाट होती, जवळची, सावलीची, कुणी बघणार नाही अशी. जानकी रस्त्याने गेली.